सागवानी केस

पन्नाशी जवळ आली तेव्हा माझ्या डोक्यावर तीन रंग एकत्र नांदत होते. मुळाशी पांढरा, मधे मेंदीचा नारिंगी आणि टोकाला पाकिटातल्या डायचा काळाकुट्ट. चंद्रपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला ते बघवेना. तिने एकदा फोनवर सांगितलं की आता नवीन पद्धत आली आहे. हातात ब्रश घेऊन एकेक बट रंगवतात आणि केस जन्मापासून तसेच असावेत असे दिसतात. त्याला बालायाज म्हणतात.

आमच्या आलापल्लीत नेटवर्कचा काही भरवसा नसतो, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी खिडकीत उभी होते. बाजूच्या खोलीतून नवऱ्याने एवढंच ऐकलं, की बायको केसांसाठी बालाजीला निघाली. आमचं घर बौद्ध. नवस बोलणं आमच्याकडे कोणाला माहीत नाही. पण सिरोंचाकडचे त्याचे सहकारी तिरुपतीला केस देऊन येतात, हे त्याने पाहिलेलं होतं. तो दारात आला. मग हळूच म्हणाला, "तुह्या मनात असन तर मी आडवत नाई. पण टकली होऊन मीटिंगले कशी जाशीन?"

मी समजावून सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. पण थोडं वाईटही वाटलं असावं. इतकी वर्षं जुन्या टूथब्रशने माझ्या मागच्या केसांना डाय तोच लावत होता.

मुलीने मला चंद्रपूरच्या एका सलूनमध्ये नेलं. तिथे तिशीतला एक कारागीर होता. त्याने आधी माझ्याभोवती एक फेरी मारली, जुनं घर विकत घ्यायला आलेला माणूस मारतो तशी. मग रंगांची नावं सांगितली. हनी, कॅरमल, चॉकलेट, हेझलनट. मी पहाटेच्या एसटीने निघालेली, पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ती नावं ऐकून मला भूकच लागली. खाण्यातलं डोक्याला लावायचं मनाला पटेना, म्हणून मी म्हटलं, सागवानासारखा करा.

"ताजा चिरलेला का पॉलिश मारलेला?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"जुन्या दारासारखा," मी म्हटलं.

मग तो कामाला लागला. एक बट घ्यायचा, ब्रशचे दोन हात मारायचा, मागे सरकून बघायचा. मधेच डोळे बारीक करायचा. माझी मान अवघडली, पाठ अवघडली. दुपार सरली तरी त्याचं रंगवणं सरेना. मी विचारलं, एकसारखा रंग का नाही लावत? तो म्हणाला, सगळीकडे सारखा लावला तर लोकांना कळतं. कोणाला कळू नये, हीच तर त्यातली कला. एवढा खटाटोप करून कोणालाच कळू द्यायचं नसेल तर करायचं कशाला, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. पण त्याच्या हातात ब्रश होता, म्हणून गप्प राहिले.

शेवटी केस धुऊन, वाळवून त्याने आरसा दाखवला. मी बघतच राहिले. कुठे तपकिरी, कुठे मधासारखी झाक, आणि पांढरे केस त्यात असे मिसळून गेलेले की शोधून सापडत नव्हते. मुलगी फोटो काढत राहिली. परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत आले.

घरी नवऱ्याने दार उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "दुकान बंद होतं का?"

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. दोन दिवसांनी जंगलातल्या एका गावात लेकरांची वजनं घ्यायची होती. अंगणवाडीच्या अंगणात, भर उन्हात मी डोक्यावरचा स्कार्फ सोडला. तिथल्या सेविका बाई माझ्याकडे बघून एकदम गंभीर झाल्या. बाया आपसात गोंडीत कुजबुजल्या. मला सगळं कळलं नाही, पण विषय माझाच आहे एवढं कळलं. मग एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी एक बट बोटात धरून म्हणाली, "काऊन वो बाई, घरी खायले भेटत नाई का तुले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकराचे केस भुरके, निस्तेज झाले तर ते कुपोषणाचं लक्षण असू शकतं, हे या गावात वर्षानुवर्षं मीच घसा फोडून सांगितलं होतं. तसं चित्र माझ्या मागच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

मी काही बोलायच्या आत सेविका बाईंनी एक उकडलेलं अंडं सोलून माझ्या हातात दिलं. भूक होतीच, मी खाल्लं. त्यामुळे बायांची खात्रीच पटली. मग सेविका बाईंनी लेकरांचा दंड मोजायची लाल, पिवळी, हिरवी पट्टी काढली आणि मोठ्या काळजीने माझ्या दंडाला लावली. पट्टी अर्ध्यातच संपली. त्यांनी दुसरा दंड करून बघितला. तिथेही तेच.

मग मला सांगावंच लागलं की मी हा रंग चंद्रपूरला जाऊन मुद्दाम करून घेतला आहे. मग म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि सगळं अंगण हसायला लागलं.

पण त्या हसण्यात एक गोष्ट मला जड गेली. एका बाईच्या दीड वर्षाच्या लेकीची मला बरेच दिवस काळजी वाटत होती. तिचेही केस भुरके झाले होते. जास्तीचा आहार द्यायला सांगितलं की आई टाळायची. आता तिला आयतंच निमित्त सापडलं. ती म्हणाली, "माह्या पोरीचे केस तं तुमच्यावानीच हायेत बाई. तुमाले काय झालं?"

एवढी हौसेने केलेली बालायाज मला त्या घटकेला नकोशी झाली. मग सेविका बाईंच्या हातातल्या पट्टीकडे लक्ष गेलं. मी त्या पोरीला मांडीवर घेतलं, पट्टी तिच्या दंडाला गुंडाळली. खूण पिवळ्यात आली, म्हणजे पोषण कमी. तीच पट्टी मी माझ्या दंडाला लावली.

"माहे केस नको पाहू," मी म्हटलं. "माहा दंड पाह्य आन् हिचा पाह्य."

ती हसली नाही. तिने पट्टी हातात घेऊन लेकीच्या दंडाला स्वतः लावून बघितली. त्या दिवशी ती आहार घेऊन गेली, आणि नंतर चुकवलं नाही. सेविका बाईंनीही तिच्या घरचा रस्ता सोडला नाही.

पावसाळा संपता संपता मी पुन्हा त्या गावी गेले. लेक गुबगुबीत झाली होती, पट्टी हिरव्यात आली. तिच्या भुरक्या केसांखाली मुळातून काळेभोर केस फुटले होते. आईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या भांगाकडे निरखून बघितलं. तिथे मुळातून स्वच्छ पांढरे फुटले होते.

"हिचं तं झालं बाई," ती म्हणाली. "तुमचं काई खरं नाई."

मी हसले आणि पुढचं लेकरू काट्यावर घेतलं.