पंखा वळवला तो शनिवार

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझा हेडर त्या दिवशी जिंकला तो लबाडीने.

२०१३चा सुमार. आम्ही सिंगापुरात, सेंगकांगला राहायचो. आठवडाभर जुरोंग आयलंडवर पाइपांची गणितं करायची आणि शनिवारी आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, एका म्हाताऱ्या चिनी वेल्डरच्या गाळ्यात, पुन्हा पाइपच. "तुझं खरं सासर तिकडेच आहे," बायको म्हणायची. खोटं नव्हतं. मला बघताच अंकल दुसरी कोपी, म्हणजे तिकडची कॉफी, मागवायचे. स्टुलावर बसून त्यांचं नळी वाकवणं बघण्याइतका निवांतपणा मला घरीही मिळाला नाही.

हेडर म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. नळ्या किती लांब, कुठे एकत्र येतात, यावर गाडीला जोर कधी चढतो ते ठरतं. अंकल चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात आणत, त्यामुळे गाडी मधल्या टप्प्यातच झपकन उचलायची. मी कॉम्प्युटरवर चार आखूड नळ्या थेट एकात आणल्या होत्या. माझी जुनी हॅचबॅक मी मलेशियातल्या ट्रॅकवर न्यायचो. तिच्यावर दोन्ही मोजायचे आणि हरेल तो हेडर भिंतीवर टांगायचा, असं ठरलं.

शेजारच्या गाळ्यात डायनो होता. चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजायचं यंत्र. ते मीच चालवायचो. आधी अंकलचा हेडर चढवला. ते कोपी आणायला गेले आणि मी गाडीसमोरचा मोठा पंखा भिंतीकडे वळवला. लागोपाठ तीनदा गाडी पळवली. इंजिन तापलं की ताकद पडते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसरा आलेख ठेवला, पहिले दोन पुसले. मग माझा हेडर बसवण्यात दोन तास गेले. तोवर इंजिन गार झालं; पंखा तर मी अंकल परतायच्या आतच जागेवर आणला होता.

अगदी शेवटी, टोकाला, माझी रेघ चार हॉर्सपॉवरने वर गेली. अंकलनी कागद डोळ्यांजवळ धरला. तापलेल्या इंजिनावरही मधल्या पट्ट्यात त्यांचीच रेघ वर होती.

"हिअर माइन हायर, व्हॉट."

"लोक शेंडा बघतात, अंकल," मी इंग्रजीत म्हणालो.

ते हसले. "ओके लाह, प्रोफेसर विन. फॉर्टी इयर्स आय बेंड पाइप, टुडे कॉम्प्युटर स्कोल्ड मी."

आपला हेडर त्यांनी स्वतःच खिळ्याला अडकवला. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण त्यांनी चाळीस वर्षांची पद्धत सोडली ती सोडलीच. गिऱ्हाईक आलं की माझं ड्रॉइंग उलगडून अभिमानाने म्हणायचे, "धिस वन माय फ्रेंड ड्रॉ." एका जुन्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली, गाडी पूर्वीसारखी उचलत नाही. अंकल त्याला म्हणाले, तुझा पाय म्हातारा झालाय. मी कोपी पीत राहिलो.

पुढेही मी दर शनिवारी गेलो, आणि मजेत गेलो. कबूल करायला हेच जास्त जड जातं.

माझी हॅचबॅक कधीच भंगारात गेली. अंकल आहेत, गाळा आहे, खिळ्यावर तो हेडरही आहे. त्याच्यावरची धूळ ते अजून पुसतात. तो खाली उतरवून, तसल्याच एखाद्या गाडीच्या गार इंजिनावर, पंखा समोर ठेवून, त्यांच्यादेखत पुन्हा मोजणं, हे मी त्यांचं देणं लागतो. आणि त्याआधी, पंखा मी वळवला होता हे सांगणं.