बेंबळ्यावरची शिडांची शर्यत आणि शमीमभाभींची अट

कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत बाभुळगावच्या सलीमभाईंनी होडी बांधली. धंदा मोटारपंप दुरुस्तीचा. घरची पिठाची गिरणी बंद पडलेली, आणि हा माणूस लाकडं तासत बसलेला! त्यांच्या बायकोचं, शमीमभाभींचं, डोकंच फिरलं. शेवटी अट ठरली: बेंबळा धरणावरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आले तर होडी राहील, नाहीतर ती विकून गिरणी सुरू. हे बघायला जाणं भागच होतं.

यवतमाळहून सकाळची एसटी पकडा. बाभुळगावात तर्री-पोहे खाऊन घ्या, धरणावर चहाशिवाय काही मिळत नाही. पुढे ऑटो. रस्ता असा आहे की पोहे बेतानेच खा.

काठावर दहाएक होड्या, घरी शिवलेली सुती शिडं. "कापूस इकल्यापरीस शिडाले लावला बरा," शेजारचे काका म्हणाले.

दोन बांबूंमधली रेषा म्हणजे सुरुवात. पहिल्या शिट्टीनंतर सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात, कारण होडीला ब्रेक नसतो. दुसरीला सुटायचं. त्याआधी रेषा ओलांडली, तर मागे येऊन पुन्हा निघायचं. मग दूर पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला वळसा घालून परत. जाताना वारा समोरून, म्हणून नागमोडी जावं लागतं. पण काठावरची मंडळी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सरावलेली. "अबे, सरळ हाक ना! कायले फिरून राह्यला?"

होडीत दोघं लागतात. सलीमभाईंसोबत भाभी बसल्या, "तुमाले हरतानी डोयानं पाह्याले."

सलीमभाई दुसऱ्या शिट्टीआधीच सुटले. पंचांनी लाल फडकं हलवलं, यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. भाभींचा आवाज काठापर्यंत आला, "अजी, मांगं घ्या! लबाडी नाही चालनार!"

मागे वळून निघाले ते सगळ्यांच्या शेवटी. मग मात्र भाभींना चेव आला. होडीचा तोल राखायला त्या अर्ध्या बाहेर लटकल्या आणि ओरडायला लागल्या, "बाजू व्हा! वारा आमच्या उजवीकून हाये, हक्क आमचा!" नियमच तसा: उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला दुसरीने वाट द्यायची. एकेक होडी मागे पडली. मी चहा सांडला.

चौथे आले. थोडक्यात हुकलं. सलीमभाईंचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

"ठीक हाये, इकतो," ते म्हणाले.

"इकतो म्हने!" भाभी ओढणी पिळत होत्या. "त्या हिरव्या शिडावाल्यानं आपल्याले रस्ता देल्ला नाही. त्याले हरवल्याबिगर कोन इकते?"

घरी आलो ते उन्हाने सोललेलं नाक घेऊन. नाक बरं झालं, भाभींचं ओरडणं अजून कानात आहे. परवा सलीमभाईंना फोन केला.

"गिरणी?"

"बंदच हाये. तुमची भाभी मोठं शीड शिवून राह्यली."

"आणि पीठ?"

"दयन घेऊन मी जातो ना शेजारच्या गिरणीत," ते खुशीत म्हणाले.