आवाज थांबला की ब्रेक

माझा मोठा भाऊ लांब ट्रेलर चालवतो आणि मी त्याच्या पुढे पायलट जीप चालवायचो. हिंगण्याच्या कारखान्यांतून निघणारे बॉयलर, टाक्या, असला अगडबंब माल. एवढा रुंद आणि उंच की वरच्या तारा, कडेच्या टपऱ्या, पुढचं वळण हे सगळं ट्रेलरवाल्याला कुणीतरी आधी सांगावंच लागतं. ते मी वॉकीटॉकीवर सांगायचो. आम्ही तिला नुसतं सेट म्हणतो.

आमची एक रीत होती. अडचणीच्या जागी पायलटने सारखं बोलत राहायचं. काही सांगण्यासारखं नसलं तरी ‘ये, ये, मोकळं आहे, ये’ चालूच. आवाज थांबला की ट्रेलरने ब्रेक मारायचा. कारण नंतर विचारायचं. पायलटची बोलती बंद झाली म्हणजे पुढे काहीतरी आक्रीत आहे, असं धरून चालायचं.

घरी मात्र आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. तो खाली राहतो, मी वरच्या मजल्यावर. आई गेली त्या दिवशी तो सुट्टी घेऊन घरी होता आणि मी दुसऱ्या एका ट्रेलरपुढे रायपूरच्या रस्त्याला होतो. ती भर दुपारी गेली. उन्हाळ्याचे दिवस, दिवस मावळायच्या आत घरच्यांनी सगळं उरकून घेतलं. मला भावाचा फोन आला तो संध्याकाळी, ढाब्यावर जीप लावल्यावर. मी पोचलो तेव्हा दारात चपलाच चपला होत्या आणि आई कुठेच नव्हती.

मला वेळेत का नाही कळवलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कडाक्याचं भांडण झालं असतं, आणि कदाचित तिथंच मिटलंही असतं. मी बोलणंच टाकलं. वहिनीने मध्ये पडून पाहिलं, नातेवाइकांनी समजावलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली माझी गत. पीळ तरी कसला, आत सगळं बधिर होतं. तेराव्याला जेवलो, पुढच्या आठवड्यात जीप काढली आणि सेटवर म्हणालो, “डावीकडे तार आहे, उजवीकडे दबून ये.” तो म्हणाला, “आलो.” मग वर्षानुवर्षं एवढंच.

एके दिवशी एका चौकात वाहतूक पोलिसाने मला अडवलं. एक हात स्टिअरिंगवर, एका हातात सेट.

“मोबाईल नाही जी साहेब, वॉकी आहे,” मी म्हणालो. बिनतोड मुद्दा काढला असं मला वाटलं होतं.

“हातात धरून बोलून राहिले ना? मंग झालं,” तो म्हणाला. त्याचं म्हणणं, कायद्यात नुसता मोबाईल नाही, हातात धरून बोलायचं कुठलंही यंत्र चालवणाऱ्याला मना आहे. मी हुज्जत घातली. बरोबर तोच होता, त्यामुळे मला जास्तच राग आला. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं.

लकडगंजमध्ये आमच्या मालकाचं ऑफिस आहे. त्यांनी तोड काढली. चालवणाऱ्याने बोलायचं नाही आणि बोलणाऱ्याने चालवायचं नाही, दोन्ही गाड्यांत. म्हणजे जीपला दुसरा ड्रायव्हर आला आणि मी शेजारी सेट घेऊन बसलो. ट्रेलरवरचा सेट भावाच्या हातून क्लीनरकडे गेला. हा क्लीनर खापा गावचा, आमच्याच वयाचा, भलताच आदबशीर. भाऊ तिकडे काय पुटपुटायचा कोण जाणे, माझ्यापर्यंत यायचं ते असं: “भाऊ म्हणतात, ठीक आहे जी. भाऊ म्हणतात, येऊन राहिलो जी.”

भावाचा आवाज आता माझ्या दिवसात कुठेच नव्हता. ‘आलो’, ‘थांबलो’, ‘ऐकलं’ एवढंच तो बोलायचा, पण ते तो माझ्याशी बोलायचा. मला वाईट वाटलं असं म्हणवत नाही. दात काढल्यावर जीभ सारखी त्या जागेवर जाते, तसं होत होतं.

सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. शहराबाहेर एका रेल्वेपुलाखालून टाकी काढायची होती. मी ‘ये, ये’ करत होतो. मध्येच क्लीनर म्हणाला, “भाऊ म्हणतात, जरा दमानं घ्या जी.”

माझं डोकं फिरलं. “भाऊले तोंड नाही का?” मी म्हणालो. आणि थांबता आलं असतं तरी थांबलो नाही. “त्याले विचार, आई गेली तवा मले काहून नाही सांगतलं.”

जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. सेटमधून नुसती खरखर येत होती. मी उत्तराची वाट बघत गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो म्हणून ट्रेलर पुलाखाली जागच्या जागी थांबला. अख्खा रस्ता अडला. मागे हॉर्न सुरू झाले.

उतरून मी मागे चालत गेलो आणि केबिनच्या पायरीवर चढलो. क्लीनर सेट मांडीवर ठेवून दुसरीकडे बघत होता. भावाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

“थांबला काहून?” मी विचारलं.

“तू गप झाला.”

मग त्याने इंजिन बंद केलं. “आई गेली तवा तू गाडी चालवून राहिला होता,” तो म्हणाला. “मी फोन लावला असता तं तू तसाच उचलला असता. तुह्या मागच्या ट्रेलरच्या क्लीनरले मी घडीघडी फोनवर विचारून राहिलो होतो, जीप थांबली का म्हणून. तो थांबली म्हणला, तवाच तुले फोन लावला.”

मी उचलला असता. चालत्या गाडीत, एका हाताने. आई गेली हे ऐकून मी जीप कशी हाकली असती, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

“मंग मागून तरी सांगायचं ना गा, दादा,” मी म्हणालो.

“कवा सांगू?” तो म्हणाला. “घरी तू बोले नाही. अन् सेटवर तं फक्त तारा सांगत जाय.”