शाबूत दगड

ऑफिसात त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. तेलविहिरीतून काढलेल्या चुनखडीच्या कांड्या पेट्यांत भरून यायच्या, आणि त्यांतून तेल वाहील का, हे सांगण्यात भिंगवाल्यांची एकतीस वर्षं गेली होती. दगड जिभेने ओला करायचा, भिंग लावायचं, भोकं बघायची. दिवसभर बोलायला कुणी नसे, म्हणून ते दगडांशी बोलत. बायको गेल्यापासून घरी तर तेवढीही सोय नव्हती.

चुनखडी महालबाड. वीतभर चाळण, की पुढची वीत टणक. तपासणीसाठी तिच्यातून अंगठ्याएवढे तुकडे कापतात. चाळणीच्या जागी ड्रिल लावलं की भुगा होतो, म्हणून भिंगवाल्यांनी कापणाऱ्याला कायमचं बजावलं होतं, की शाबूत जागा बघूनच काप. तुकडे देखणे यायचे, अहवालही देखणे.

अकरा वर्षांपूर्वी 'यातून तेल वाहणार नाही' अशा त्यांच्या एका अहवालावरून त्यांच्या जिवलग मित्राने शोधलेली विहीर सिमेंट ओतून बुजवली गेली. मित्र कळवळून सांगत होता, की अरे, जिथे दगड तुटतो तिथूनच तेल वाहतं. भिंगवाल्यांनी त्याला चारचौघांत मूर्खात काढलं. तिथे बोलणं संपलं. दर रविवारी मित्राकडे जेवणारा हा माणूस रविवारी एकटाच कपाटं आवरू लागला.

यंदा अख्खी कांडी तपासणारं यंत्र आलं. भिंगवाल्यांनी मुद्दाम मित्राच्या विहिरीची जुनी पेटी उघडली. कांडीत हवा सोडली, तर ती सुसाट पार झाली. म्हणजे तेलही वाहिलं असतं.

निवृत्तीला चार महिने उरले होते. पेटी परत ठेवली असती, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांना नावापेक्षा मित्र हवा होता. त्यांनी साहेबांना चूक लिहून दिली आणि मित्राला फोन लावला.

"तुझंच खरं होतं. मी चुकलो."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," मित्र शांतपणे म्हणाला. "विहिरीचं मी महिन्याभरात विसरलो. तू जेवायला यायचा का थांबलास? तुझी वहिनी वर्षभर तुझं पान मांडत होती."

मित्राने आपल्याला तोडलं, असंच भिंगवाले अकरा वर्षं धरून बसले होते. फोन कानाला तसाच लावून ते रडत राहिले.