काहून टाकतो

कोल्हापूर सोडून यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात मी लागलो, त्याला तीन आठवडे झाले होते. आठवीत शाळा सोडलेल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाकडे गॅरेजचे मालक असलेल्या उस्तादांनी ना कागद मागितला, ना ओळख. "महिनाभर हात पाहतो," एवढंच म्हणाले. हा भरवसा आपल्याच हातून मोडणार, या भीतीनं मी दिवसातून दोनदा पाने पुसून ठेवायचो.

त्या दिवशी उस्ताद लग्नाला दिग्रसला गेले होते. नेरचे एक निवृत्त गुरुजी वाफा सोडणारी कार घेऊन आले. पंखा ठीक, रेडिएटर ठीक. उरला थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत वॉल. इंजिन तापलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. हा बहुतेक मिटूनच बसला होता. मी तो काढला, दुकानातून नवा आणला आणि फोन लावला. विचारल्याशिवाय मी नटसुद्धा फिरवत नसे.

"उस्ताद, नवा वॉल टाकू का?"

मागे बँड वाजत होता. उस्ताद ओरडले, "काहून टाकतो?" आणि फोन कटला.

मी ऐकलं, काढून टाक तो.

इकडच्या उन्हात काही जण वॉल काढूनच गाड्या चालवतात, असं कानावर आलंच होतं. जागा रिकामी ठेवून झाकण आवळलं. चक्कर मारली, तर तापमानाचा काटा तळ सोडेना. गुरुजी खूश.

"शिकले किती?"

"आठवी."

"पाहा! डोक्याले डिग्री लागत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांची शाबासकी मिळाली, ती चुकलेल्या उत्तराला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना नवा वॉल खोक्यातच दिसला. "हा इथं काय करून राह्यला?"

मी सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. "अबे कोल्हापूर, काहून म्हणजे कायले, कशाला! जुना उकळून पाह्यला का, हे विचारून राह्यलो होतो मी!" मग हसणं थांबलं. "थंडं इंजिन तेल पिते, झिजते. गुरुजीले तूच बोलाव. गाडी आली, तर तू राह्यला. नाही तर मले तुझा हात समजला."

गुरुजी फोनवर म्हणाले, "गाडी मस्त चालून राह्यली. कायले हात लावता?"

"गुरुजी, माझं चुकलं."

"काही चुकलं नाही, मी सांगतो ना!"

चूक कबूल करायला मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा, माझा पिच्छा सुटावा म्हणून, ते आले.

चहाच्या पातेल्यात दोन्ही वॉल उकळले. नवा उघडला, जुना मख्ख. गुरुजींनी चष्मा लावून दोन्ही पाहिले, पण वळले ते उस्तादांकडे. मी नवा बसवला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. काटा चढू लागला.

"अरे, तापून राह्यली!"

"थांबंल, गुरुजी." हे मी त्यांना सांगत होतो की काट्याला, देव जाणे.

मध्यावर येऊन तो थांबला. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. तो तिथंच.

"काल बरी होती," गुरुजी म्हणाले आणि गेले. आता ते आले की आधी विचारतात, उस्ताद आहेत ना?

उस्तादांनी पातेलं माझ्या हातात दिलं. "घासून ठेव. उद्या लवकर ये, जीपचा गिअरबॉक्स उतरवाचा आहे."