चिकटलेली पानं

कनकलताबाईंचा जन्म तंजावुरात जुन्या ताडपत्रांच्या पोथ्या सांभाळण्यात गेला. एकमेकांना चिकटलेली पानं गवती चहाच्या तेलाचा हात लावून त्या अलगद सोडवायच्या.

त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आतडी चिकटू नयेत म्हणून आत पातळ पडदा ठेवलाय. तरी पुरती खात्री नाही. पडून राहू नका, हळूहळू चाला."

थोरल्या जावेनं, वरलक्ष्मीनं, घरच्या रिवाजाप्रमाणे पोट करकचून बांधलं. "आता हलायचं नाही!"

दुपारी ग्लानीत बाईंना दिसलं, आपल्या पोटात पानंच पानं आहेत, गवती चहाच्या तेलाच्या वासात एकेक सुटं होऊन झुलतंय.

त्या उठल्या. जाऊ ओरडली.

"अक्का, बांधून ठेवलेल्या पोथ्यांची चिकटलेली पानंच मी जन्मभर सोडवत आले. हात दे."