थर्मोस्टॅट कोणी काढला?

मंडळी, थंडी पडल्यापासून माझ्या गाडीचं इंजिन गरमच राहत नाही. आज मेहकरहून लोणारला येताना तर तापमानाचा काटा पार खाली. माझा संशय सरळ गॅरेजच्या मिस्त्रीवर. कूलंट बदलताना यानंच काहीतरी काढून घेतलं असणार!

गॅरेजमध्ये त्याच्या हातांवरची नजर हटवली नाही. त्यानं झाकण उघडलं, तर इंजिनाची गरमी टिकवणाऱ्या थर्मोस्टॅटची जागा रिकामी. "बोला, कुठं गेला?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"घरी विचारा ना भाऊ. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून लोकं काढाले लावतात."

सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बाबांना मुद्दाम स्पीकरवर फोन लावला.

"हाव, मीच काढाले लावला. तुह्याच डिक्कीत फडक्यात बांधून ठेवला बे!"

आता तो परत बसवायला त्याच मिस्त्रीला कोणत्या तोंडानं सांगू?